बिनपरवान्याची यंग लेडी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय हॅम रेडिओबद्दल. हॅम म्हणजे हौशी वायरलेसवाले. घरात स्वतःचा ट्रान्समीटर, गच्चीवर तारेचा अँटेना आणि त्यावरून देशोदेशी गप्पा. पैशासाठी नाही, जाहिरातीसाठी नाही. नियमच तसा आहे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, की तुम्हाला स्वतःची कॉलसाइन मिळते. भारतातली व्हीयू या अक्षरांनी सुरू होते. राजीव गांधींची होती व्हीयू टू आरजी. माझी? माझी नाही. तीस वर्षं होऊन गेली, अजून नाही.

१९९४ साल. सातारा. शिमग्याच्या आसपासची सकाळ, पावणेसात वाजलेले. घरात ट्रान्झिस्टर दोन. एक माझा, एक बाबांचा. शॉर्टवेव्हवर ४१ मीटरची स्टेशनं संपतात ना, तिथून जरा खाली, ७ ते ७.१ मेगाहर्ट्झमध्ये, हॅम मंडळी असायची. साध्या रेडिओवर त्यांचा आवाज बदकासारखा येतो. कारण ते वीज वाचवायला मूळ वाहक लहर कापून टाकतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखंच असलेलं बोलणं एकाच बाजूचं पाठवतात. ती कापलेली लहर आपण घरीच परत घालायची, की बदकाचा माणूस होतो!

कशी घालायची? दुसरा ट्रान्झिस्टर शेजारी आणायचा. प्रत्येक रेडिओच्या पोटात स्वतःची लहर काढणारा एक ऑसिलेटर असतो, काट्यावरच्या आकड्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालणारा. म्हणजे दुसऱ्या रेडिओचा काटा तेवढा खाली ठेवायचा आणि केसभर, अगदी केसभर, फिरवत राहायचं. पुन्हा सांगते, दोन रेडिओ लागतात. आणि दुसरा रेडिओ होता बाबांचा, ज्यावर त्यांना सात पाचच्या बातम्या हव्या असत. सात पाच म्हणजे सात पाच. आमच्याकडे चहासुद्धा त्या वेळेवर उकळायचा.

तर मी काटा फिरवतेय आणि बदकाचा एकदम माणूस झाला. केरळी वळणाचं इंग्रजी. ‘सीक्यू फॉर्टी, सीक्यू फॉर्टी.’ सीक्यू म्हणजे, अरे, कुणी आहे का? फॉर्टी म्हणजे हॅमचा हा चाळीस मीटरचा पट्टा. मुक्काम कोळिकोड म्हणाला. मग थांबला. उत्तर नाही. पुन्हा सीक्यू. उत्तर नाही. एवढ्यात आईनं चटणीला मिक्सर लावला आणि नुसती खरखर. मिक्सर थांबला, तर हा गृहस्थ अजून हाकच मारतोय. कुणी आहे का? कुणी आहे का?

आणि मी होते की हो! साताऱ्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, दोन रेडिओ मांडीशी घेऊन. शब्द न् शब्द ऐकत होते. न राहवून मोठ्यांदा म्हणाले, ‘ऐकतेय मी, ऐकतेय!’ आई आतून म्हणाली, ‘कुणाशी बोलतेयस गं?’ आणि बाबा म्हणाले, ‘सात चार.’

रेडिओ गेला. कोळिकोड गेलं.

त्या दिवशी राजवाड्याजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे कॉलबुक होतं, त्यातून पत्ता काढला आणि १५ पैशांच्या पोस्टकार्डावर लिहिलं: तारीख, वेळ, आवाज स्पष्ट, पाच-नऊ. हॅम भाषेत पाच म्हणजे शब्द लख्ख कळला आणि नऊ म्हणजे दणदणीत पोचला. (हल्ली इतका नेमका निरोप कुणी देत नाही. दोन निळ्या खुणा झाल्या की संपलं.) महिन्याभरानं उत्तर आलं, छापील क्यूएसएल कार्ड, म्हणजे हॅमची पोचपावती. ‘डिअर ओल्ड मॅन, त्या सकाळी मला वाटलं अँटेनाची तारच तुटली. तुमच्या कार्डामुळे कौलांवर चढायचं वाचलं. परीक्षा कधी देताय? ७३.’ ७३ म्हणजे शुभेच्छा.

ओल्ड मॅन! हॅमच्या बोलीत सगळे पुरुष ओल्ड मॅन आणि बाई कितीही वयाची असो, यंग लेडी. मी सही आद्याक्षरांनी केली होती, त्याचा हा घोटाळा. पुढच्या कार्डात सुधारला त्यांनी.

परीक्षेचं म्हणाल, तर दिली. मला शॉर्टवेव्ह हवी होती, म्हणजे तेव्हा मोर्स, टिंब-रेघांची भाषा, आलंच, मिनिटाला पाच शब्द. एक अक्षर निसटलं, ते आठवत बसले आणि पुढची चार निघून गेली. दुसऱ्या खेपेला परीक्षेच्या दिवशी धाकटीची हळद. तिसऱ्या खेपेचा फॉर्म भरून कपाटात आहे, त्यावरचा फोटो आता माझ्या मुलीसारखा दिसतो.

तुम्ही माझ्यासारखं करू नका. आता रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या पायरीच्या, परवान्याला मोर्स लागत नाही. मोर्स नाही, आणि वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. डिसेंबर २००४च्या सुनामीत अंदमानातून निरोप बाहेर आले ते हॅमच्या सेटवरून. भारती प्रसाद नेमक्या तेव्हा पोर्ट ब्लेअरला हॅम केंद्र चालवायला गेल्या होत्या. ऐकायचं तर आजच ऐका, फक्त जवळचा स्वस्त एलईडी दिवा बंद करा. या दिव्यांनी शॉर्टवेव्हचं वाटोळं केलंय. आईचा मिक्सर निदान थांबायचा तरी.

काचेपलीकडून खूण होतेय, वेळ झाली. मला इथं तुमचा काही आवाज येत नाही. तेव्हा कसं ऐकू आलं ते केंद्राच्या पत्त्यावर कार्ड टाकून कळवा. मिक्सर चालू होता का, तेही लिहा. ७३.