तीन दिवसांच्या तीन गोळ्या आणि डॉक्टरांच्या हाताचा गुण

नमस्कार मंडळी. आजची सुरुवात आमच्या घरातल्या एका कागदापासून.

[चिठ्ठी कॅमेऱ्याजवळ. डॉक्टरांचं नाव अंगठ्याखाली झाकलेलं.]

ही आईची चिठ्ठी, मागच्या पावसाळ्यातली. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, एकदा लागला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. आईला सर्दी, खोकला, अंगात कणकण. वाचून दाखवतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००, हे अँटिबायोटिक, रोज एक, तीन दिवस. पॅन्टोप्रॅझोल, पित्ताची गोळी, सकाळी उपाशीपोटी. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक एकत्र असलेली ताप-अंगदुखीची गोळी, दोन वेळा. मॉन्टेल्युकास्ट-लिव्होसिट्रिझिन, सर्दी-अ‍ॅलर्जीची, रात्री झोपताना. खोकल्याचं पातळ औषध. शिवाय कमरेत एक इंजेक्शन मारलं, ते कसलं होतं ते कागदावर नाही. आणि झालंय काय, म्हणजे निदान, त्या जागी नुसती रेघ.

चौथ्या दिवशी आई अंगणात चुलीला लाकडं फोडत होती. मला म्हणाली, "बघितलास? हाताला गुण आहे त्यांच्या."

आता या गुणाचंच बघू. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना, विषाणूंना त्याचा काडीचा फरक पडत नाही. सर्दीचा जोर तीन-चार दिवसांत आपोआप ओसरायला लागतो. आणि नेमका तेवढ्यातच तीन गोळ्यांचं पाकीट संपतं. श्रेय कुणाला? पाकिटाला. हे आईलाच तसं वाटतं असं नाही, डॉक्टरांनाही वाटतं. त्यांच्यासमोर पेशंट येतो, गोळी घेतो, बरा होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात "मागची तीच गोळी द्या की" म्हणत परत येतो. एकेक चिठ्ठी वेगळी घेतली तर प्रत्येक बरोबरच वाटते. म्हातारं माणूस आहे, उगाच छातीत कफ भरला तर? लांबून आलंय, परत येईल न येईल, देऊन टाकू. शंभर चिठ्ठ्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या की मग दिसतं, की सवय कुठली आणि गरज कुठली. पण कुठला डॉक्टर आपल्या शंभर चिठ्ठ्या पसरून बघतो?

इंग्लंडमध्ये बघायची सोय आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत गल्लीतला फॅमिली डॉक्टर जे औषध लिहितो आणि दुकानातून जे दिलं जातं, त्याचा हिशेब दर महिन्याला दवाखान्यागणिक जाहीर होतो. पेशंटचं नाव नाही, गाव नाही. फक्त अमुक दवाखाना, अमुक औषध, इतके नग, इतका खर्च. तो हिशेब इतका अवाढव्य की नुसता बघून कुणाला काही कळायचं नाही. २०१५ साली ऑक्सफर्डमधल्या बेन गोल्डएकर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या गटाने त्यावर ओपनप्रिस्क्रायबिंग नावाची वेबसाइट उभी केली. दवाखान्याचं नाव टाका, तुमची एक रेघ दिसते आणि तिच्या मागे बाकीचे सगळे कसे पसरलेत ते दिसतं. तुम्ही मधल्या रेघेच्या वर आहात का खाली, आणि सरकत कुठे चाललाय. कुणीही बघावं, पेशंटनेसुद्धा.

तुलना करताना एक गोम असते. बघा, एका डॉक्टरांचा दवाखाना शाळेसमोर, दुसऱ्यांचा अशा गावात जिथली तरणी पोरं सगळी पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला आणि मागे उरलेत आजी-आजोबा. दोघांच्या औषधांची नुसती बेरीज केली तर दुसऱ्यावर अन्यायच. म्हणून तिथे पेशंटचं वय आणि स्त्री-पुरुष बघून वजन लावून मोजतात. तरीही त्या हिशेबात एक मोठं भोक आहे: औषध का दिलं ते त्यात नाही. आईच्या चिठ्ठीसारखंच.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. २०१४ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. आपल्या भागात सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणारे जे वरचे वीस टक्के दवाखाने, ते निवडले, दीड हजारांहून जास्त. त्यातल्या निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र गेलं. पत्रात दम नाही, दंड नाही. मजकूर साधारण असा, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. बस्स. पुढच्या सहा महिन्यांत त्या दवाखान्यांची अँटिबायोटिकं पत्र न गेलेल्यांपेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी झाली. तीन टक्के म्हणजे काय मोठं, असं म्हणाल. हिशेब केला तर ती ७३,००० हून जास्त न लिहिलेली अँटिबायोटिकं होती, आणि खर्च पत्रांचा. त्याच प्रयोगात पेशंटसाठी पोस्टर आणि पत्रकंही वाटून बघितली. त्यांचा काही उपयोग झाला नाही. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांच्या भिंती आठवा. किती पोस्टर, किती रंग!

[थोडं थांबून]

अ‍ॅझिथ्रोमायसिनला मी शिव्या देतोय असं समजू नका. याच औषधाचं एक मोठं काम आपल्या बेळगावात झालंय. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना बाईला तोंडावाटे एकच मोठा डोस, दोन ग्रॅम, दिला तर काय होतं, हे सात देशांत २९,००० हून जास्त बायकांवर तपासलं गेलं. भारतातली दोन ठिकाणं, एक नागपूर आणि दुसरं बेळगाव. २०२३ साली निकाल छापून आला: बाळंतिणीला जंतुसंसर्ग रक्तात भिनणं किंवा तिचा मृत्यू, हे दोन्ही मिळून २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्या गोळीने बाळंतीण वाचते तीच आपण शिंकेवर उधळतो. जिवाणू त्या गोळीला सरावले की उद्या खऱ्या वेळेला ती चालायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले. पहिल्या गटातली गरज पडली की आधी वापरा, त्यात अमॉक्सिसिलिन येतं. दुसऱ्या गटातली जपून, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यात. तिसरी अगदी शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवा. आणि भारतातल्या खासगी विक्रीचा २०१९ सालचा एक अभ्यास सांगतो, की सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक कुठलं? हीच गोळी, ५०० मिलिग्रॅमची.

त्या अभ्यासाची माहिती आली होती औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांकडून. माल किती गेला ते कळलं. कुणी लिहिला, कुणासाठी, ते नाही. म्हणजे धान्य किती विकलं गेलं ते माहीत, जेवलं कोण ते माहीत नाही.

मग आपल्याकडे डेटा नाहीच का? आहे. तुमच्या गावातल्या मेडिकलच्या काउंटरखाली एक वही असते. १ मार्च २०१४ पासून कायद्याने एच-वन नावाची एक यादी लागू आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन असली अँटिबायोटिकं त्यात आहेत. ती विकली की दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. म्हणजे इंग्लंडवाल्यांना जे हवं ते आपल्या खडेबाजारात, निपाणीत, नंदगडला कागदावर लिहून ठेवायचा नियम आहे. पण वही असते ती तपासायला कुणी आलं तर दाखवायला, बेरीज करायला नाही. आणि गंमत म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही. आईची गोळी त्या वहीत कधीच उतरणार नाही.

आणि खेड्यात चिठ्ठीच नसते त्याचं काय? तुम्हीही घेतलं असेल असं औषध. डॉक्टर डब्यातून गोळ्या काढतात, एक लाल, एक पांढरी, अर्धी पिवळी, कागदाच्या पुडीत बांधतात. "दोन वेळ घ्या." आपण विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. वर पेशंटचाच आग्रह, "डाक्टर, एक सुई मारा की, गोळ्यानं गुण येत नाही मला."

सीमाभागाची आणखी एक भानगड आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस दाखवायला बेळगावला येतो. कर्नाटकातल्या अथणी-कागवाडचा मिरजेला जातो. चिठ्ठी एका राज्यातली, गोळ्या दुसऱ्या राज्यातल्या मेडिकलमधून. कर्नाटक आपला हिशेब ठेवणार, महाराष्ट्र आपला, आणि माणूस दोन्हीकडच्या हिशेबातून निसटणार. सीमावादात आम्ही सगळ्या गोष्टींवर भांडलो, औषधाच्या चिठ्ठीवर कुणी भांडलं नाही!

असो. मोजायचं ठरवलं तर फार मोठी यंत्रणा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ सालीच एक पद्धत घालून दिलीय, खास आपल्यासारख्या ठिकाणांसाठी. जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर वीस दवाखाने, प्रत्येकी तीस पेशंट. एकाच दवाखान्याचं हवं असेल तर शंभर. चिठ्ठी नसेल तिथे एक माणूस वही घेऊन शेजारी बसतो. मोजायचं इतकंच: एका पेशंटला सरासरी किती औषधं, त्यातली किती कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहिली, किती जणांना अँटिबायोटिक, किती जणांना इंजेक्शन, आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली किती. आईची चिठ्ठी धरा. औषधं पाच, इंजेक्शन धरून सहा. अँटिबायोटिक होय. इंजेक्शन होय. अर्थात एका चिठ्ठीवरून डॉक्टरांना काही म्हणायचं नसतं, तसं म्हटलं तर मीही आईसारखाच झालो, फक्त उलट बाजूने.

मला एकच भीती वाटते, ती म्हणजे हा आकडा साहेबाच्या टेबलावर जाऊन बसण्याची. अमुक टक्क्यांच्या वर गेलात तर नोटीस, असं झालं की आकडा सुधारतो आणि औषध तेच राहतं. साध्या सर्दीच्या पुढे "न्यूमोनिया" लिहिलं की काम झालं. इंग्लंडचं ते पत्र चाललं, कारण ते डॉक्टरांच्या हातात पडलं आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांशी तुलना करून गेलं.

माझा एक शाळेतला मित्र बेळगावजवळच्या एका खेड्यात दवाखाना चालवतो. चंदगडचेही पेशंट येतात त्याच्याकडे. हे सगळं मी त्याला चहा पिता पिता सांगितलं, तर तो उखडला. "तू व्हिडिओ कर, मी पेशंट बघतो." पंधरा दिवसांनी रात्री फोन. कंपाउंडरला बसवून शंभर पेशंट लिहून काढले होते, फक्त दोन रकाने, अँटिबायोटिक आणि इंजेक्शन. आकडा किती आला ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "शनिवारी जास्त देतो रे मी. रविवारी दवाखाना बंद असतो ना, कुणी परत येऊ नये म्हणून."

परवा भेटलो तेव्हा वही टेबलावरच होती. दुसरे शंभर सुरू झालेत. या वेळी पट्टीने तिसरा रकाना आखलाय आणि वर लिहिलंय, "कशासाठी?"