डोळ्यामागचे तीन मिलिमीटर

उसाचा गळीत हंगाम. कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॉल्या चालू असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अशाच एका ट्रॉलीवर दुचाकी आदळली, आणि पंचविशीतला तरुण न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत आला. वडील काचेबाहेर उभे आहेत. डॉक्टर पोराच्या मिटल्या पापणीवर जेल लावताना दिसतात, तसे ते कळवळून विचारतात, "मार डोस्क्याला लागलाय मॅडम, डोळं कशाला तपासताय?"

प्रश्न अगदी रास्त आहे.

कवटी म्हणजे हाडाचा बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. एकानं जास्त जागा घेतली की दुसऱ्याला सरकावं लागतं. या विचाराचा पाया एडिंबराचे डॉक्टर अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 सालीच घातला होता. सरकायला जागा उरली नाही, की दाब भराभर चढतो. मोठ्या माणसात आडवं झोपल्यावर तो साधारण 7 ते 15 असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. 22 च्या वर गेला की उपचार सुरू करावे लागतात.

तो अचूक मोजायचा तर कवटीला भोक पाडून आत नळी घालावी लागते. आजही सर्वांत भरवशाची पद्धत तीच. पण त्यात रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि रक्त नीट गोठत नसेल तर हात आखडावा लागतो.

इथं डोळा कामाला येतो. डोळ्याची नस हा मेंदूचाच पुढे आलेला भाग. मेंदूवरचं आवरण आणि त्यातलं पाणी या नसेभोवती थेट डोळ्याच्या गोलाच्या मागच्या बाजूपर्यंत येतं. आत दाब वाढला की हे आवरण फुगतं.

आता डॉक्टरांचा हात बघा. करंगळी कपाळावर टेकवलेली आहे. सोनोग्राफीच्या प्रोबचा भार डोळ्यावर मुळीच येता कामा नये. पडद्यावर काळा गोल, म्हणजे डोळा; त्यामागे खाली उतरणारा गडद पट्टा, म्हणजे नस. गोलाच्या मागच्या कडेपासून 3 मिलिमीटरवर, नसेच्या आवरणाच्या दोन्ही कडांना दोन खुणा, आणि त्यांच्यामधलं अंतर: 6.1 मिलिमीटर. दुसरा डोळा: 6.0. पाचच्या पुढे गेलं की शंका घ्यायची. नेमकी रेषा कुठं मारायची, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

यातून दाबाचा आकडा मिळत नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये. सीटी स्कॅन लागतोच. पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट दर वेळी सीटीपर्यंत हलवणं जोखमीचं असतं. ही तपासणी खाटेपाशी होते, काही मिनिटांत, दिवसातून हवी तितक्या वेळा. आमच्या मते तिची खरी किंमत यातच आहे.

उशाकडची बाजू वर केली, औषध चढवलं. पहाटे पुन्हा जेल, पुन्हा त्याच दोन खुणा. 5.6.

"उतरतंय, काका."

"डोळं उघडंल का त्यो?"

"आत्ताच सांगता येत नाही. दुपारी परत बघते."