काचेतला माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री दिवा लावलेल्या खोलीत खिडकीपाशी उभं राहिलं की काचेत आपणच दिसतो. दिवा मालवा, बाहेरचं झाड पुन्हा हजर. साध्या तावदानावर समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ८ टक्के परततो, पुढच्या-मागच्या पृष्ठभागावरून साधारण ४-४ टक्के. बाकीचा बहुतेक आरपार जातो. पलीकडे अंधार असला की त्या ८ टक्क्यांचा भाव वधारतो, एवढंच.

हे ठाऊक असूनही, भर दिवसा बाहेर उभं राहून एका बंद खिडकीचं चित्र काढायला घेतलं आणि पहिल्या तीन कॅनव्हासचा चिखल केला. आतल्या खुर्चीचा तपकिरी आणि काचेवर पडलेल्या आभाळाचा निळा मी पॅलेटवर कालवत होतो. रंग कालवले की मळतात. काचेत मात्र दोन प्रकाशांची बेरीज होते; ते एकमेकांवर येतात तिथे उजळतं. मग आधी आतला काळोख रंगवला, पूर्ण वाळू दिला आणि वरून आभाळ अगदी पातळ, पांढुरकं फिरवलं. जमलं.

राहिलो मी. आणि मी काही दिसेना! पाठीमागे लख्ख आकाश, त्याचं प्रतिबिंब माझ्याच अंगाने अडवलेलं. त्यामुळे काचेत जिथे मी असायचा, नेमकी तिथेच खोली सर्वांत स्वच्छ दिसत होती. खुर्चीची पाठ, तिच्यावरचा टॉवेल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं माझ्या आकारात कापलेलं. चेहरा शोधायला झुकलो, तर तो आकारही झुकला आणि घड्याळ गायब.

शेवटी एक डोळा मिटून काचेवर खडूने कडा गिरवली. डोकं निम्म्याच उंचीचं भरलं. मागे सरकलो तरी निम्मंच. (आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर बोटाने करून बघा, इतकी वर्षं रोज बघूनही आपल्याला हे खरं वाटत नाही.)

चित्रात चेहऱ्याच्या जागी मी घड्याळच ठेवलंय. तरी ओळखीची माणसं बघताक्षणी म्हणतात, हा तूच. कशावरून, असं एकाला विचारलं.

"डावा खांदा उतरलाय ना," तो म्हणाला.

कडा मीच गिरवली होती. खांद्याचं मला तेव्हा कळलं.