एकाच काडीच्या हजार वेली

श्रोतेहो, नमस्कार.

क्लोन, म्हणजे एकाच जिवाची जनुकीय नक्कल, म्हटलं की आपल्याला स्कॉटलंडमध्ये 1996 साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते. पण तासगाव, पलूस, मिरज भागातले द्राक्षबागायतदार कित्येक वर्षं क्लोनच लावत आलेत. थॉमसन सीडलेस या द्राक्षवाणाला बी नाही, म्हणून पक्व काडी घ्यायची आणि डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या मुळं धरलेल्या खुंटावर कलम भरायचं. हजार वेली झाल्या तरी मूळ वेल एकच.

मग त्या हुबेहूब सारख्या असतात का? माझं उत्तर आहे, नाही. आणि ते आपल्या भल्याचं आहे. पेशींचं विभाजन होताना जनुकांची नक्कल उतरते, त्यात क्वचित एखादं अक्षर चुकतं. हा बदल काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी झाला, तर त्यातून फुटणारी काडी निराळी निघते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनच्याच वेलीवर असा निराळेपणा नजरेनं हेरला गेला, आणि तास-ए-गणेश वाण मिळाला. लांब मण्यांची सोनाका सोलापूरकडच्या नान्नजची, तीही अशाच निवडीतून आली. वेली तंतोतंत सारख्या राहिल्या असत्या, तर हे वाण आलेच नसते.

जनावरांत तर फरक पहिल्या दिवसापासूनच असतो. डॉलीचं केंद्रक एका मेंढीच्या कासेतल्या पेशीचं, अंडपेशी दुसऱ्या जातीच्या मेंढीची. त्यामुळे केंद्रकाबाहेरचा थोडा आनुवंशिक वारसा त्या दुसरीचा आला. 2001 साली टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, पण पिलात नारिंगी रंगाचा एकही ठिपका नव्हता. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प असतं. ज्या पेशीतून पिलू घडवलं, तिच्यात नारिंगी रंगाचं गुणसूत्र गप्प होतं आणि ते तसंच राहिलं.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 साली म्हशीचे क्लोन झाले. उत्तम जनावरांची पैदास वाढवायला हे तंत्र मोलाचं आहे. पण गेलेली लाडकी म्हैस परत आणून देतो असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. दुधाची क्षमता येईल; तिचा स्वभाव, तिची सवय, तुमची हाक ओळखणं येणार नाही. ते तुमच्या गोठ्यात तुमच्या हाताखाली घडलेलं असतं.

बागायतदारांना एक कळकळीची विनंती. एखाद्या काडीवर निराळे घड दिसले, तर तिला सुतळी बांधून ठेवा. फळं काढल्यावरच्या खरड छाटणीला तिच्यावर एक-दोन डोळे राखा, त्यातून आलेली काडी पक्व झाली की वेगळ्या खुंटावर भरा. त्या वेलीवर दोन-तीन हंगाम तसेच घड आले, तर बदल डोळ्यातलाच असण्याची शक्यता मोठी. पुन्हा नेहमीसारखे आले, तर तो पाण्याचा, खताचा किंवा जीएचा, म्हणजे घडांवर मारायच्या जिबरेलिक आम्ल या संजीवकाचा, परिणाम होता.