‘मस्ट’ म्हणताना जोर कोणाचा?

नमस्कार, श्रोतेहो.

आज इंग्रजीतल्या एकाच छोट्या क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. ते म्हणजे ‘मस्ट’. शाळेत याचा अर्थ एका ओळीत उरकला जातो: मस्ट म्हणजे ‘पाहिजे’. परीक्षेपुरतं ते भागतं, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की पंचाईत होते. कारण आपलं ‘पाहिजे’ बऱ्यापैकी मवाळ आहे. ‘तू जरा व्यायाम केला पाहिजेस’ असं आपण मित्राला सहज म्हणतो. त्यात आपुलकीचा सल्ला असतो. तेच इंग्रजीत ‘यू मस्ट एक्सरसाइज’ असं म्हटलं, तर समोरच्याला वाटतं, हा कोण मला हुकूम सोडणारा? सल्ल्यासाठी तिथे ‘शुड’ आहे.

मस्टमधला जोर बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा स्वतःचा असतो. कचेरीतला प्रसंग घ्या. साहेब म्हणतात, ‘यू मस्ट फिनिश धिस बाय फ्रायडे.’ हाताखालचा माणूस आपल्या टेबलाशी येतो आणि शेजाऱ्याला सांगतो, ‘आय हॅव टू फिनिश धिस बाय फ्रायडे.’ काम तेच, मुदतही तीच. पण साहेबांचा ‘मस्ट’ त्याच्या तोंडी ‘हॅव टू’ झाला, कारण सक्ती त्याची नाही, त्याच्यावर आलेली आहे. उलट हाच माणूस ‘आय मस्ट कॉल माय सिस्टर’ म्हणाला, तर बहिणीला फोन करायचं त्याच्याच मनाने घेतलेलं असतं, कोणी सांगितलेलं नसतं. अर्थात ही रेघ काही दगडावर कोरलेली नाही. अमेरिकेत तर दोन्हीकडे सर्रास ‘हॅव टू’ चालतं. तरी कानाला हा फरक कळायला हवा, असं माझं मत आहे.

मग हुकमाचा हा शब्द पाहुण्याला आग्रह करताना कसा चालतो? ‘यू मस्ट स्टे फॉर डिनर.’ इथेही जोर बोलणाऱ्याचाच आहे, पण फायदा ऐकणाऱ्याचा आहे. त्यामुळे जितका जोर लावाल तितकी माया दिसते. इथे ‘यू शुड स्टे’ म्हणालात, तर पाहुणा उठून चपला घालील! आणि हाच मस्ट प्रश्नात आला की वैताग दाखवतो. ‘मस्ट यू टॅप दॅट पेन?’ म्हणजे, ते पेन आपटत बसल्यावाचून चालणारच नाही का तुझं? त्यावर समोरचा हटून बसला, तर शेवटी हात टेकून म्हणायचं, ‘इफ यू मस्ट.’ कर बाबा काय करायचं ते.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा. होकारात मस्ट आणि हॅव टू शेजारी शेजारी राहतात. नकार आला की दोघांची तोंडं दोन दिशांना. मस्टला नकार जोडला की होतं ‘मस्न्ट’. त्याचा अर्थ मनाई. ‘डोन्ट हॅव टू’चा अर्थ गरज नाही. गोळ्यांबद्दल कोणी सांगितलं, ‘यू मस्न्ट टेक दीज विथ मिल्क’, तर त्या दुधाबरोबर घ्यायच्याच नाहीत. ‘यू डोन्ट हॅव टू टेक दीज विथ मिल्क’ असं सांगितलं, तर दूध घेतलं काय आणि पाणी घेतलं काय, सारखंच. ‘घ्यायलाच पाहिजेत असं नाही’ हे मराठी वाक्य मनात घोळवत माणूस इंग्रजी जुळवायला जातो, मस्टच्या पुढे ‘नॉट’ ठेवून मोकळा होतो, आणि मोकळीक द्यायची सोडून बंदी घालून बसतो. मस्न्ट म्हणजे आपलं ‘नये’ किंवा ‘नको’, एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ.

भूतकाळात मस्टला स्वतःचं रूप नाही. काल जावं लागलं, हे सांगायला ‘हॅड टू’ उसनं आणावं लागतं. गंमत अशी की मस्ट हेच मुळात भूतकाळाचं रूप! जुन्या इंग्रजीत ‘मोटन’ नावाचं क्रियापद होतं. त्याचा अर्थ मुभा असणे, करता येणे. त्याच्या भूतकाळी रूपातून आजचा मस्ट आला, हळूहळू वर्तमानात स्थिरावला, आणि मुभेची सक्ती झाली. मूळ वर्तमानकाळी रूप कधीच मागे पडलं. फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघातल्या मंडळींच्या ‘सो मोट इट बी’ (‘असंच होवो’) या ठरावीक वाक्यात ते अजून ऐकू येतं.

इथवर सक्तीचा मस्ट झाला. दुसरा मस्ट तर्काचा. दारावरची घंटा वाजली. ‘दॅट मस्ट बी द पोस्टमन.’ मराठीत आपण ‘असणार’ म्हणतो, तोच हा. पण जरा विचार करा. ‘दॅट इज द पोस्टमन’ आणि ‘दॅट मस्ट बी द पोस्टमन’, यांत जास्त खात्री कशात आहे? मस्ट एवढा जोरकस, म्हणजे त्यातच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात खात्री साध्या ‘इज’मध्ये आहे. मस्ट घातला की कबूल केलं जातं, की मी पाहिलेलं नाही, खुणांवरून ताडतो आहे. खिडकीतून धो धो पाऊस दिसत असताना कोणी ‘इट मस्ट बी रेनिंग’ म्हणत नाही. आत येणाऱ्यांच्या छत्र्या निथळताना दिसल्या, तर मात्र म्हणतात.

याच गुणामुळे हा मस्ट सभ्यतेच्या कामी येतो. लांबून प्रवास करून आलेल्या माणसाला ‘यू आर टायर्ड’ म्हणणं म्हणजे त्याच्या मनातलं आपणच ठरवणं. ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हटलं, की थकलात की नाही हे सांगायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

तर्काच्या मस्टला भूतकाळाची अडचण नाही. ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’, म्हणजे ती गेली असणार. नकारात मात्र शक्यतो ‘कान्ट’ येतो: ‘शी कान्ट हॅव लेफ्ट’, गेली असणं शक्यच नाही.

नियम लिहिणाऱ्यांनी या शब्दावर बराच खल केला आहे. 1997 साली इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी एक छोटा दस्तऐवज निघाला. त्यात मस्ट म्हणजे अजिबात सूट नाही, आणि शुड म्हणजे सबळ कारण असेल तर वेगळं वागता येईल, अशी व्याख्याच करून टाकली. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत बंधनासाठी जुन्या वळणाचा ‘शॅल’ टाळून मस्ट वापरला आहे. मला हे पटतं. शॅल कधी भविष्यकाळ, कधी बंधन, आणि वकिलांची चंगळ.

कायद्यात असा मान मिळत असताना रोजच्या वापरात मात्र मस्ट मागे पडतो आहे. 1961 सालच्या आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या छापील इंग्रजीचे प्रत्येकी सुमारे 10 लाख शब्दांचे नमुने अभ्यासकांनी ताडून पाहिले. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही इंग्रजींत मस्टचा वापर मोठ्या प्रमाणात घटलेला दिसला. तोंडावर हुकूम सोडणं लोकांना आवडेनासं झालं, असं एक कारण सांगतात. ‘यू मस्ट’ऐवजी ‘यू नीड टू’ म्हटलं की हुकूम तोच राहतो, फक्त गरज तुमची होते. साहेबलोकांनी ही युक्ती चांगलीच उचलली आहे.

रेडिओवर आहोत, तर उच्चाराचंही सांगतो. ‘मस्न्ट’ लिहिताना एसनंतर टी येतो, पण तो उच्चारत नाहीत. नुसत्या मस्टमधलाही शेवटचा ट पुढे व्यंजन आलं की बहुधा गळतो. ‘आय मस्ट गो’ हे घाईत ‘आय मस् गो’ असं ऐकू येतं, आणि मधला स्वरही पुसट होतो. तर्काचा मस्ट सहसा इतका दबत नाही. ‘यू मस्ट बी जोकिंग’ यात तो ठसठशीत ऐकू येतो, म्हणून मोठ्याने म्हणून पाहायला हेच वाक्य घ्या.

नमस्कार.