रविवारची बादली

ही निळी बादली काल रात्रीच भरून ठेवलीये, आत एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा दगड, सोडलाय, रात्रभर बुडबुडे चालू, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून. माशांचा टँक दोन फुटी आहे, काठोकाठ भरला तर ५६ लिटरच्या आसपास, पण खाली ग्रॅव्हल आणि वर थोडी जागा सोडलेली, म्हणजे पाणी ४५ लिटरच धरा. त्यातलं १५ लिटर आज बदलायचं, दर रविवारी एवढंच.

पावसाळा आहे. धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवतात, नळ सोडला की तो उग्र वास घरभर. आपल्यासाठी ते बरंच आहे, कॉलरा टायफॉईड लांब राहतात. पण आपण पाणी पितो आणि मासा त्याच पाण्यातून श्वास घेतो. कल्ल्यांचे ते नाजूक लाल पडदे क्लोरीनने भाजतात, मग मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो आणि आपल्याला वाटतं भूक लागलीये.

मलाही तसंच वाटलं होतं. पहिले दोन गोल्डफिश, हौसेने आणलेले, महिन्याने टँक अख्खा रिकामा केला, ग्रॅव्हल धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला आणि थेट नळाचं पाणी भरलं. इतका चकाचक दिसत होता की फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही आडवे. तो फोटो अजून डिलीट करवत नाही.

हा स्पंज जवळून बघा. ही तपकिरी घाण वाटते ना, ह्यातच ते बॅक्टेरिया राहतात जे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. क्लोरीन त्यांनाही मारतं. म्हणून स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. आणि ते पाणी मोरीत ओतू नका हो, गॅलरीतल्या मोगऱ्याला घाला, नायट्रेट म्हणजे खतच.

रात्री पाणी भरायचं राहिलं तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. किंवा हायपो, हे खडीसाखरेसारखे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो स्टुडिओत फिक्सर म्हणून हेच वापरायचे. काही मिनिटांत क्लोरीनचं साधं क्लोराइड होतं. सोसायटीत टँकरचं बोअरवेलचं पाणी येत असेल तर क्लोरीनचा प्रश्न बहुतेक नसतो, पण ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असू शकतं, टेस्ट किटने एकदा बघून घ्याच.

आता साबण न लावलेला एक हात बादलीत, एक टँकमध्ये. दोन्हीकडे सारखंच कोमट लागतंय. मग मगाने हळूहळू, ग्रॅव्हलवर बशी ठेवून तिच्यावर धार. गप्पी मासे आलेच बघा धारेत पोहायला.