तेल न सुटणारा केसो

घरी केसो, म्हणजे मेक्सिकन धाटणीचं गरम चीज डिप, करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. चीज वितळतं, मिनिटभर झकास दिसतं आणि मग पातेल्याच्या कडेनं पिवळं तेल चकाकायला लागतं. मधे एक चिवट गोळा उरतो, डाव फिरवला की तो तेलावर घसरत राहतो. मग खापर गॅसवर फुटतं, नाहीतर चीजच्या पाकिटावर. खरं कारण चीजच्या आतल्या कॅल्शियममध्ये आहे. ते एकदा समजलं की हे वीस मिनिटांचं काम आहे.

पण आधी ठरवा, करायचं काय आहे. केसो या नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ मोडतात. एक केसो फुंदिदो, उत्तर मेक्सिकोतला. त्यात दूध नाही, पाणी नाही, पीठ नाही. मातीच्या किंवा बिडाच्या उथळ भांड्यात नुसतं चीज वितळवायचं, वर चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) किंवा भाजलेल्या पोब्लानो या मोठ्या, कमी तिखट मेक्सिकन मिरचीच्या पट्ट्या घालायच्या आणि गव्हाच्या टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) गुंडाळून खायचं. दुसरा चिले कोन केसो. टेक्ससमध्ये त्याला नुसतं केसो म्हणतात. तो पातळ, ओतता येण्याजोगा, चिप्स बुडवून खायचा. पहिल्यात तार सुटायलाच हवी, दुसऱ्यात तार हा दोष. एकाची कृती वाचून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली की घोटाळा तिथेच होतो.

आता चीजच्या आत काय चालतं ते बघू. केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी, तिच्यात अडकलेली चरबी आणि पाणी, एवढंच चीज असतं. जाळीचे धागे एकमेकांना कॅल्शियमनं बांधलेले असतात. चीज तापायला लागलं की आधी, साधारण ३२ अंश सेल्सिअसला, चरबी वितळते. जाळी सैल पडून चीज वाहायला लागण्यासाठी ६० अंशांच्या आसपास जावं लागतं. तिथे थांबलात तर ठीक. उकळी आणलीत तर धागे आवळले जातात, पाणी पिळून बाहेर काढतात आणि चरबीला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. कडेनं दिसणारं पिवळं तेल ते हेच.

यावरचा उपाय १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी शोधला: चीज सोडियम सायट्रेट नावाच्या क्षाराबरोबर वितळवायचं. सायट्रेट कॅल्शियमला ओढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम येतं. सोडियम दोन धाग्यांना एकत्र बांधू शकत नाही. त्यामुळे केसीन मोकळं होऊन द्रवात पसरतं आणि तेच चरबीच्या थेंबांना वेढून पाण्यात धरून ठेवतं. म्हणजे बाहेरून कसला चिकटपणा आणावा लागत नाही, चीजमधलंच प्रथिन कामाला लागतं. प्रोसेस्ड चीजचा सगळा उद्योग याच तत्त्वावर उभा आहे.

टेक्ससचा घरगुती केसो याच उद्योगातून आला. वेलवीटा हे प्रोसेस्ड चीज १९१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मन्रो इथे एमिल फ्रायनं तयार केलं. टेक्ससमधल्या एल्सा गावी १९४३ मध्ये कार्ल रोटेलेनं टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या एकत्र डबाबंद करायला सुरुवात केली. तो डबा रोटेल नावानं विकला जाऊ लागला. एक पौंड वेलवीटा, दहा औंसांचा रोटेलचा डबा रसासकट, मंद आच, झालं. तिथल्या घराघरांत अजून असंच करतात. याला कुणी नाकं मुरडू नयेत. चीज फाटू नये एवढ्यासाठीच बनवलेली वस्तू इथे नेमक्या जागी वापरली जाते.

आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणारे चीजचे क्यूब आणि विटा हेसुद्धा प्रोसेस्ड चीजच. पाकिटावरच्या घटकांत इमल्सिफायरसमोर (चरबी आणि पाणी एकत्र धरणाऱ्या पदार्थासमोर) ३३१ असेल तर ते सोडियम सायट्रेट, ३३९ असेल तर सोडियम फॉस्फेट. म्हणजे निम्मं काम कारखान्यात झालेलंच आहे. २०० ग्रॅम असं चीज किसून घ्या. क्यूब अख्खे टाकले तर बाहेरून वितळून आत गाठी राहतात. १२० मिली दूध वाफ येईपर्यंत तापवा, आच मंद करा, चीज तीन-चार वेळा थोडं थोडं घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण विरघळू द्या. घाईच्या दिवशी एवढं पुरेसं आहे. चव मात्र साधीच राहते. पाकिटावर ‘ॲनालॉग’ लिहिलेलं असेल तर ते ठेवून द्या. त्यात दुधाच्या चरबीऐवजी बहुधा वनस्पती तेल असतं आणि ते चवीला कळतं.

चांगला केसो हवा असेल तर साधं, प्रोसेस न केलेलं चेडर घ्या आणि सायट्रेट आपण घाला. चौघांसाठी २५० ग्रॅम चेडर, २०० मिली दूध, १० ग्रॅम सोडियम सायट्रेट. चेडर कोवळं हवं. वर्षभर मुरलेल्या चेडरला चव जबरदस्त असते, पण मुरताना त्यातलं केसीन तुटत गेलेलं असतं, म्हणून ते लवकर तेल सोडतं आणि रवाळ होतं. चवीसाठी २५० पैकी ५० ग्रॅम मुरलेलं चालेल, त्यापुढे नको. चीज घरीच किसा. तयार किसलेल्या चीजला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते, ती जिभेला पिठूळ लागते.

सोडियम सायट्रेट ऑनलाइन मिळतं. नाही मिळालं तर वाणसामानातून होतं: लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा. ७ ग्रॅम लिंबूसत्त्व ५० मिली पाण्यात विरघळवा, त्यात ८.५ ग्रॅम सोडा चिमूट चिमूट घाला. जोरात फसफसतं, म्हणून भांडं खोलगट घ्या. फेस बसला की एक उकळी काढा. या मापानं साधारण १० ग्रॅम सायट्रेट तयार होतं. मग दूध २०० ऐवजी १५० मिली घ्यायचं. इथे चमच्यानं अंदाज नको, छोटा वजनकाटा हवाच. सोडा जास्त झाला तर डिपला साबणासारखी चव येते आणि ती कशानंही झाकत नाही. लिंबूसत्त्व किंचित जास्त राहिलं तर बिघडत नाही.

आता कृती. सायट्रेट दुधात घालून मंद आचेवर तापवा, वाफ दिसली पाहिजे, उकळी नको. मूठभर चीज घाला, विस्कनं ढवळा. पहिली मूठ विरघळताना दूध एकदम गुळगुळीत, पिवळसर होतं आणि विस्कला चिकटायला लागतं. हे दिसल्याशिवाय दुसरी मूठ घालू नका. सगळं चीज पाच-सहा मिनिटांत जातं. शेवटी चमचा उचलून धरा: धार सलग, पट्टीसारखी पडली आणि पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहून मग विरली, तर जमलं. गरम असताना किंचित पातळच ठेवा, ताटात गेल्यावर ते घट्ट होतंच. मीठ अजिबात घालू नका. चीज खारट, सायट्रेट खारट, वर चिप्सही खारट.

रसायनं नकोत असं कुणाला वाटत असेल तर आटवलेलं दूध आहे. अमेरिकेत यासाठी डबाबंद इव्हॅपोरेटेड मिल्क वापरतात. आपण अर्धा लिटर ताजं म्हशीचं दूध ढवळत २२० मिलीपर्यंत आटवायचं. त्यात केसीन दाटलेलं असतं, ते थोडा आधार देतं. पूर्ण गार झाल्यावर एक मोठा चमचा, म्हणजे ८ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर कालवून मिनिटभर उकळा, आच अगदी कमी करा आणि मगच चीज घाला. हा क्रम उलटा करू नये. कॉर्नफ्लोअरला उकळी लागते, चीजला ती सोसत नाही. या पद्धतीचा केसो थोडा जडसर होतो आणि गार झाला की पटकन बसतो. माझं झुकतं माप सायट्रेटकडेच आहे, कारण त्यात चीजची चव स्टार्चखाली दबत नाही.

मिरची आणि टोमॅटो. पोब्लानो आपल्याकडे सहज मिळत नाही, पण भजीची भावनगरी मिरची तिच्या जवळ जाते. दोन मिरच्या थेट आचेवर काळ्या होईपर्यंत भाजा, दहा मिनिटं झाकून ठेवा, साल काढा, बिया टाका, बारीक चिरा. तिखटपणासाठी एक-दोन साध्या हिरव्या मिरच्या आणि अर्धा कांदा तेलात मऊ करून घ्या, वर पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. एका टोमॅटोचा गर आणि बिया काढून उरलेला भाग कोरडा होईपर्यंत परता आणि केसो तयार झाल्यावर शेवटी मिसळा. कच्चा टोमॅटो सुरुवातीला घालण्यानं सर्वांत जास्त केसो बिघडतात. त्याच्या आंबटपणानं केसीन पुन्हा एकत्र गोळा होतं, आणि सुटलेलं पाणी वेगळंच. लिंबू पिळायचं असेल तर ते आपापल्या ताटात.

पनीरचं डिप होईल का, असं नेहमी विचारलं जातं. पनीर वितळत नाही, कितीही तापवा. ते उकळत्या दुधात आम्ल घालून केलेलं असतं. आम्लानं कॅल्शियम निघून जातं आणि तापलेली निवळीतली प्रथिनं केसीनला घट्ट चिकटतात. सैल पडेल अशी जाळीच तिथे नसते.

केसो फुंदिदोसाठी मेक्सिकोत वाहाका, आसादेरो किंवा चिवावा चीज घेतात. यातलं चिवावा चीज १९२२ पासून कॅनडातून येऊन चिवावा राज्यात वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांचं. वाहाका आणि मोझरेला ही दोन्ही गरम पाण्यात ताणून केलेली चीजं, म्हणून १५० ग्रॅम कमी पाण्याचं मोझरेला आणि १०० ग्रॅम कोवळं चेडर किंवा गौडा हे मिश्रण बरोबर बसतं. नुसतं मोझरेला घेतलं तर तार लांब येते, चव येत नाही. बिडाचा छोटा तवा तापवून त्यात चीज पसरा, २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं ठेवा आणि कडेला बुडबुडे आले की लगेच काढा. थोडं तेल इथे सुटणारच, तो दोष नव्हे. गव्हाच्या टॉर्टियाऐवजी पातळ पोळी खुशाल घ्या. हा पदार्थ थांबत नाही: पाच-सात मिनिटांत चीज पुन्हा बांधलं जातं, म्हणून माणसं आधी बसवा आणि मग तवा आणा.

केसो फाटलाच तर गॅस बंद करा, दोन चमचे कोमट दुधात चिमूटभर सायट्रेट विरघळवून घाला आणि हँड ब्लेंडर फिरवा. नुसतं तेल सुटलं असेल तर तो बहुतेक वेळा परत जुळतो. दाणे पडले असतील तर मात्र ते प्रथिन आवळलेलं आहे. गाळून घ्या, पण पूर्ववत होण्याची अपेक्षा ठेवू नका.

पार्टीत तास-दोन तास गरम ठेवायचा असेल तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, वर साय धरली की ढवळा आणि चमचाभर गरम दूध घाला. बाहेर गार होऊन दोन तासांहून जास्त राहिलेला केसो टाकून द्यावा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. सायट्रेटचा असेल तर सुरी लागेल इतका घट्ट होतो, पण दोन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा तसाच वाहता होतो.